आफ्रिका अभ्यास शिकायचाय? भाषा आधी, पदवी नंतर

'आफ्रिकन स्टडीज'ला प्रवेश घेतेय असं सांगितलं की घरचे विचारतात, "म्हणजे नेमकं काय शिकणार?" प्रश्न रास्त आहे. अर्थशास्त्र घेतलं की अर्थशास्त्र शिकायचं हे कळतं. इथे विषयाच्या नावात एक अख्खा खंड आहे आणि शिकायची रीत कुठेच सांगितलेली नाही. प्रत्यक्षात या पाटीखाली इतिहास, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, साहित्य, राज्यशास्त्र, संगीत, कला असं बरंच काही बसतं. त्यातलं कुठलंही घ्या, शेवटी एकच गोष्ट कामाला येते : खंडातल्या एखाद्या भागाशी, तिथल्या भाषेसकट, बरीच वर्षं टिकवलेला संबंध.

बी.ए. संपवत आलेल्या किंवा एम.ए.चा विचार करणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने दिल्या आहेत, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. दुसरी सगळ्यांत उंच आहे, आणि बहुतेक जण तीच गाळतात.

पायरी १ : नकाशावर बोट ठेवा

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य असलेले आफ्रिकी देश ५४ आणि भाषा दोन हजारांच्या घरात. एवढ्या पसाऱ्यात 'मला आफ्रिकेचा अभ्यास करायचाय' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. वहीत तीन ओळी लिहा : कुठला भाग, कुठला काळ, काय जाणून घ्यायचंय. उदाहरणार्थ, झांझिबार, एकोणिसावं शतक, लवंगांच्या मळ्यांवर राबणारे गुलाम आणि त्यांची मुक्तता. किंवा सेनेगल, आजचा काळ, मुरीद या सूफी पंथाचे व्यापारी. किंवा लागोस आणि तिथला सिनेमाधंदा. या ओळी पुढे दहादा बदलतील, बदलू द्या. पण त्या नसतील तर कुठली भाषा शिकायची आणि कुठल्या विद्यापीठात जायचं हे ठरवताच येणार नाही.

आफ्रिका कुठे सुरू होते आणि कुठे संपते, यावरही एकमत नाही. इजिप्त आणि मोरोक्को 'मध्यपूर्वे'त टाकायचे, दक्षिण आफ्रिका वेगळी धरायची आणि उरलेल्याला 'सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका' म्हणायचं, ही वाटणी वसाहतकाळापासून चालत आली आहे. सहारा ओलांडून सोनं, मीठ, ग्रंथ आणि माणसं शतकानुशतकं ये-जा करत होती, तरी अभ्यासक्रमांत ते वाळवंट भिंतीसारखं उभं असतं.

या वादातलं एक नाव तुमच्या वाचनयादीत हमखास येईल : महमूद ममदानी. जन्म १९४६चा, मुंबईचा, वाढले कंपालात. १९७२मध्ये हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं, त्यांत तेही होते. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतर ते केप टाऊन विद्यापीठात आफ्रिका अभ्यासाचे प्राध्यापक झाले आणि पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी त्यांनी पायाभूत अभ्यासक्रम आखला. विद्यापीठाने तो बाजूला ठेवून दुसरा करून घेतला. ममदानींनी जाहीर आक्षेप घेतला : नव्या अभ्यासक्रमात आफ्रिका म्हणजे सहाराच्या खाली आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर उरलेला तुकडा, आणि आफ्रिकी विचारवंतांचे आपसांतले वाद त्यात जवळपास नाहीतच; सगळा भर अमेरिकी विद्यापीठांत लिहिल्या गेलेल्यावर. १९९८चं हे भांडण आज 'ममदानी प्रकरण' म्हणून शिकवलं जातं. कुठल्याही विद्यापीठाचा सिलॅबस हातात आला की हेच दोन प्रश्न त्याला विचारून पाहा : यातली आफ्रिका केवढी आहे, आणि बोलतंय कोण?

पायरी २ : एक भाषा धरा आणि सोडू नका

प्रवेश मिळायच्या आधी सुरू करा. पहिल्या वर्षी भाषा घेतली नाही तर पुढे ती घेतली जात नाही. निबंध, परीक्षा आणि प्रबंध वेळ खाऊन टाकतात. मग संशोधन इंग्रजी बोलणाऱ्या माणसांपुरतं उरतं, म्हणजे बहुधा शहरातल्या, शिकलेल्या, सरकारी किंवा संस्थांच्या नोकरीतल्या माणसांपुरतं. बाजारात भाजी विकणारी बाई तुमच्या प्रबंधात दुभाष्याच्या तोंडून बोलते. हे सगळं एका भाषेच्या अभावाने होतं.

भाषांची ढोबळ मांडणी डोक्यात असू द्या. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३मध्ये चार कुळं मांडली : आफ्रो-एशियाटिक (अरबी, अम्हारिक, हौसा, सोमाली), नायलो-सहारन (लुओ, मसाई), नायजर-काँगो (स्वाहिली, योरुबा, झुलू, वोलोफ) आणि खोइसान. त्यातलं खोइसान हे एकच कुळ आहे असं आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत, बाकी मांडणी सुरुवातीला पुरते.

कुठली भाषा घ्यायची हे वहीतल्या तीन ओळींवर ठरतं. पण ओळी अजून पक्क्या नसतील, तर माझं मत स्वाहिलीच्या बाजूने. टांझानिया, केनिया, युगांडा आणि काँगोचा पूर्व भाग एवढ्या पट्ट्यात ती चालते. २०२२मध्ये आफ्रिकी संघाने तिला कामकाजाची भाषा म्हणून घेतलं, आणि ७ जुलै हा युनेस्कोचा जागतिक स्वाहिली दिन आहे. शिवाय लिहिली तशीच वाचायची, शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा, सूर सांभाळायची भानगड नाही.

खरी मेहनत नामांच्या वर्गांत आहे. मराठीत चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल असं विशेषण नामाबरोबर फिरतं, त्यामुळे कल्पना आपल्याला नवी नाही. स्वाहिलीत लिंग नाही, वर्ग आहेत, आणि बदल शब्दाच्या शेवटी न होता सुरुवातीला होतो. 'म्तोतो म्झुरी' म्हणजे चांगलं मूल, 'वातोतो वाझुरी' म्हणजे चांगली मुलं. 'किताबु किझुरी' चांगलं पुस्तक, 'विताबु विझुरी' चांगली पुस्तकं. अरबी 'किताब'मधल्या 'कि'ला स्वाहिलीने आपल्याच वर्गाचा उपसर्ग मानलं आणि त्याचं अनेकवचनही करून टाकलं! क्रियापदसुद्धा याच वर्गाप्रमाणे फिरतं. वर्गांचा तक्ता घोकत बसू नका, कंटाळून सोडून द्याल. प्रत्येक नाम एकवचन-अनेकवचन जोडीने आणि एका विशेषणासकट तोंडात बसवा, तक्ता आपोआप तयार होतो.

वेळ सांगण्याची रीत मात्र पहिल्या आठवड्यातच शिका. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. कुणी सकाळी 'सा न्ने'ला, म्हणजे चौथ्या तासाला भेटू म्हटलं तर ते दहा वाजता असतं. घड्याळाच्या आकड्यांत सहा मिळवायचे किंवा वजा करायचे, एवढंच. पण हे माहीत नसलेला माणूस पहाटे चारला जाऊन उभा राहील.

गारी, चपाती, बिमा, लाकी असे शब्द ऐकून वाटतं, अरे, ही तर आपल्यातलीच! हिंदी महासागराच्या व्यापाराने ते नेले, हे खरं. पण असे ओळखीचे शब्द थोडे, आणि व्याकरणाचा सांगाडा पूर्ण बांटू, म्हणजे नायजर-काँगो कुळातल्या बांटू भाषांचा आहे. त्यांच्या भरवशावर पुढे जाता येत नाही.

कुठली स्वाहिली, हाही प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकातली प्रमाण स्वाहिली झांझिबार शहराच्या बोलीवर, किउंगुजावर, उभी आहे. हा निर्णय ब्रिटिश अमदानीत, १९२८च्या मोंबासा परिषदेत झाला आणि १९३०पासून एका आंतरप्रांतीय समितीने तो राबवला. मोंबासाच्या किम्विता बोलीत जुन्या काव्याची परंपरा आहे, आणि ते काव्य अरबी लिपीत लिहिलेलं आहे. नैरोबीच्या मुलांची 'शेंग' इंग्रजी, स्वाहिली आणि इतर केनियन भाषा घुसळून बनलेली. प्रमाण भाषा घेऊन नैरोबीत गेलात तर तुमचं सगळ्यांना समजेल. मटाटूतला, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमधला, कंडक्टर काय ओरडतोय ते मात्र तुम्हाला समजणार नाही.

घरी बसून सुरुवात करायला 'लँग्वेज ट्रान्सफर'चा स्वाहिलीचा ध्वनिपाठ फुकट आहे आणि चांगला आहे. वाक्यं पाठ करून घेण्याऐवजी ती बनवायला शिकवतो. बीबीसी आणि जर्मनीच्या डॉइच वेलेची स्वाहिली सेवा रोज ऐका. पहिले काही आठवडे काहीच कळणार नाही, नंतर देशांची नावं, मग आकडे, मग क्रियापदं सुटी होऊ लागतील. बातमी आधी मराठी पेपरात वाचून मग स्वाहिलीत ऐकली की जास्त हाती लागतं.

दुसऱ्या भाषांबद्दल थोडक्यात. हौसा उत्तर नायजेरिया आणि नायजरची मोठी भाषा. तिलाही बीबीसी आणि डॉइच वेलेचा आधार आहे. योरुबात तीन सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो, त्यामुळे ती पुस्तकातून शिकूच नका, आधी कान तयार करा. अम्हारिकची स्वतःची लिपी आहे. एका व्यंजनाची सात स्वरांनुसार सात रूपं. बाराखडी गिरवलेल्या माणसाला ती लिपी युरोपीय विद्यार्थ्यापेक्षा लवकर उलगडते. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसामध्ये जिभेने चटकारून काढायचे आवाज आहेत, ते शिक्षकासमोरच शिकावेत.

वसाहतवाल्यांची एक भाषाही लागेल. इंग्रजी आपल्याकडे आहेच. पश्चिम आफ्रिकेचं काम करायचं तर फ्रेंचला पर्याय नाही. सेनेगल, माली, कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) यांचं सरकारी आणि विद्यापीठीय लिखाण मुख्यतः फ्रेंचमध्ये आहे. मोझांबिक किंवा अंगोलासाठी पोर्तुगीज. गोव्यातल्या मुलांनी याचा विचार जरूर करावा, कारण गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकता येते आणि त्या भाषेतले कागद पणजीतच आहेत. त्याबद्दल पुढे.

पायरी ३ : विद्यापीठ निवडा

भारतात तीन ठिकाणं. दिल्ली विद्यापीठाचा आफ्रिका अभ्यास विभाग सगळ्यांत जुना, १९५५चा. नेहरूंच्या काळात आफ्रिकी देश स्वतंत्र होऊ लागले तेव्हाचा. स्वाहिली शिकण्याची सोयही तिथे आहे. मुंबई विद्यापीठाचं आफ्रिका अभ्यास केंद्र कलिना संकुलात आहे, १९७१पासून. जेएनयूमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या शाखेत आफ्रिकेचं केंद्र आहे. तिन्हीकडे कल राज्यशास्त्र, अर्थकारण आणि भारत-आफ्रिका संबंधांकडे जास्त आहे. तुम्हाला भाषा, साहित्य किंवा मौखिक परंपरा हवी असेल तर गाइड कोण मिळणार हे आधी पाहा. प्राध्यापकांचे छापलेले लेख वाचा, मग अर्ज करा.

युरोपात लंडनचं सोआस (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) १९१६मध्ये पौर्वात्य अभ्यासासाठी स्थापन झालं, नावात 'आफ्रिकन' १९३८मध्ये आलं. ग्रंथालय अप्रतिम, खर्च प्रचंड. नेदरलँड्समधल्या लायडनचं आफ्रिका अभ्यास केंद्र १९४७चं. तिथल्या ग्रंथालयाचं बरंच साहित्य ऑनलाइन खुलं आहे, ते प्रवेश न घेताही वापरा. जर्मनीत बायरॉइट, लाइपझिग, हँबुर्ग, कलोन, माइन्झ अशी बरीच केंद्रं आहेत. भाषांवर त्यांचा भर जुना आहे, आणि माइन्झला आफ्रिकी संगीताचा संग्रह आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य याला ठळक अपवाद. पदवीच्या पातळीवर शिकवणं बऱ्याचदा जर्मनमध्ये असतं, तेव्हा माध्यम तपासून घ्या.

आणि आता ज्याचा विचार आपली मुलं क्वचित करतात तो पर्याय : आफ्रिकेतच शिका. घाना विद्यापीठाची आफ्रिका अभ्यास संस्था लेगॉनला १९६१मध्ये सुरू झाली. १९६३मध्ये घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांनी तिचं रीतसर उद्घाटन करताना आफ्रिकेकडे आफ्रिकेच्या केंद्रातून पाहा, असा आग्रह धरला. त्या विद्यापीठात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो भौतिकशास्त्राचा असो, आफ्रिका अभ्यासाचा एक पेपर द्यावा लागतो. स्वाहिलीसाठी दार-एस-सलाम विद्यापीठ आणि झांझिबारचं सरकारी विद्यापीठ आहे. समाजशास्त्रांसाठी कंपालाचं मकेरेरे, जे १९२२पासून आहे आणि जिथे ममदानी नंतर बरीच वर्षं संशोधन संस्थेचे संचालक होते. पूर्ण पदवी नाही जमली तर निदान एक सेमिस्टर किंवा उन्हाळी भाषावर्ग तिकडे करा. लंडनमध्ये तीन सेमिस्टर बसून जेवढी स्वाहिली येते, ती झांझिबारच्या दगडी शहरात काही आठवड्यांत तोंडात रुळते.

सिलॅबस वाचताना तीन गोष्टी शोधा. भाषा किती सेमिस्टर सक्तीची आहे? वाचनयादीत आफ्रिकेत राहून लिहिणारे लोक किती? आणि प्रबंधासाठी प्रत्यक्ष जाण्याची तरतूद, पैशांसकट, आहे का? माहितीपत्रकातले ढोल-नगाऱ्यांचे आणि सूर्यास्ताचे फोटो पाहून निर्णय घेऊ नका. असे फोटो जिथे जास्त तिथे मी जरा सावधच असते.

पायरी ४ : अर्ज आणि पैसा

युरोपातले बरेच अर्ज आणि शिष्यवृत्त्या प्रवेशाच्या आदल्या हिवाळ्यात, ऑक्टोबर ते जानेवारीच्या सुमारास बंद होतात. म्हणजे तयारी त्याआधीच्या पावसाळ्यात. सोआससाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, जर्मनीसाठी डाड (DAAD), ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ आणि चीवनिंग. नियम दर वर्षी बदलतात, मूळ संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या तोंडावर विसंबू नका.

एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, 'लहानपणापासून आफ्रिकेबद्दल कुतूहल' हे वाक्य नको. वहीतल्या तीन ओळी लिहा, त्या प्रश्नावर आजवर काय वाचलं, कुणाचं पटलं नाही आणि का, भाषा कुठवर आली. "दोन वर्षं स्वाहिली ऐकतेय, बातम्या समजतात, बोलताना अडखळते" हे एक प्रामाणिक वाक्य दहा विशेषणांना भारी पडतं.

पायरी ५ : काय वाचायचं, आणि कसं

सुरुवात युनेस्कोच्या आफ्रिकेच्या सामान्य इतिहासापासून करा. १९६४मध्ये हाती घेतलेला हा प्रकल्प, मूळ आठ खंड, संपादक आणि लेखकांत आफ्रिकी विद्वानांचा मोठा वाटा, आणि सगळं युनेस्कोच्या संकेतस्थळावर फुकट. पहिला खंड बुर्किना फासोचे इतिहासकार जोसेफ की-झेर्बो यांनी संपादित केलेला, अभ्यासपद्धतींचा आहे. त्यात मौखिक परंपरेवर मालीचे अमादू हाम्पाते बा आणि बेल्जियमचे यान व्हान्सिना यांची प्रकरणं आहेत. दोन्ही लागोपाठ वाचा. व्हान्सिना तोंडी कथन पुरावा म्हणून कसं तपासायचं ते सांगतात : कुणी सांगितलं, कुणासमोर, कुणाचा फायदा. हाम्पाते बा आतून बोलतात : शब्द सांभाळणाऱ्याची जबाबदारी काय, तो घडतो कसा. पोवाडे आणि बखरी पुरावा म्हणून किती घ्यायच्या, यावर मराठीत शंभर वर्षांहून जास्त भांडण झालेलं आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला परका वाटणार नाही.

मग या विषयाचा स्वतःचा इतिहास वाचा. तो फारसा स्वच्छ नाही. लंडनची आंतरराष्ट्रीय आफ्रिकी संस्था १९२६ची, म्हणजे साम्राज्याच्या भरातली. भाषा आणि चालीरीतींचं ज्ञान कारभाराला हवं होतं. अमेरिकेत मेलव्हिल हर्स्कोव्हिट्स यांनी १९४८मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आफ्रिका अभ्यास सुरू केला, आणि पुढे शीतयुद्धाने त्या क्षेत्रात पैसा ओतला. १९६९मध्ये अमेरिकी आफ्रिका अभ्यास संघटनेच्या मॉन्ट्रियल अधिवेशनात कृष्णवर्णीय अभ्यासकांनी कामकाज थांबवलं : आमच्या खंडाचा अभ्यास, आणि निर्णय घेणारे सगळे गोरे, हे कसं काय? त्याच्या आदल्या वर्षी केप टाऊनमध्ये आर्ची मफेजे या कृष्णवर्णीय मानववंशशास्त्रज्ञाची नेमणूक सरकारी दबावाखाली रद्द झाली आणि विद्यार्थ्यांनी धरणं धरलं. त्याच १९६८मध्ये नैरोबीत न्गुगी वा थ्योंगो, हेन्री ओवुओर-अन्युंबा आणि ताबान लो लियोंग या तिथल्या अध्यापकांनी विद्यापीठाला टिपण दिलं : इंग्रजी विभाग बंद करा, आफ्रिकी साहित्य आणि भाषा मध्ये ठेवा, बाकी जग त्यांच्याभोवती मांडा. ते टिपण दोन-चार पानांचं आहे, शोधून वाचा. आपल्या विद्यापीठांतल्या इंग्रजी विभागांनी ते अजून वाचलेलं दिसत नाही.

चालू संशोधनासाठी डकारची कोडेस्रिया ही समाजशास्त्रांतल्या संशोधनाची १९७३पासूनची संस्था आणि 'आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन' हे व्यासपीठ ध्यानात ठेवा. परदेशी नियतकालिकांत ज्या वादाची शेवटची बाजू तेवढी छापून येते, त्याच्या आधीच्या फेऱ्या बऱ्याचदा इथे झालेल्या असतात.

लिहिताना 'जमात' किंवा 'ट्राइब' हा शब्द टाळा. योरुबा किंवा हौसा बोलणारे लोक कित्येक कोटी आहेत. युरोपातल्या एवढ्याच लोकांना आपण राष्ट्र म्हणतो.

पायरी ६ : घराजवळचे कागद

इथे मराठी विद्यार्थ्याच्या हातात जे आहे ते लायडनच्या विद्यार्थ्याकडे नाही.

मोझांबिकचा कारभार १७५२पर्यंत गोव्यातून चालत होता. पणजीच्या पुराभिलेखागारात त्या काळाचे पोर्तुगीज दस्तऐवज आहेत, आणि मोझांबिकच्या इतिहासकारालाही त्यांच्यासाठी गोव्याला यावं लागतं. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात मुंबई इलाख्याच्या राजकीय विभागाची दप्तरं आहेत. एकोणिसाव्या शतकात झांझिबारच्या ब्रिटिश प्रतिनिधीचा पत्रव्यवहार मुंबई सरकारशी चाले, त्यामुळे गुलामांचा व्यापार, कच्छी व्यापारी, सुलतानाचा दरबार हे सगळं त्यात येतं. पुण्याच्या पेशवे दप्तरात जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दलचे मोडी कागद आहेत. मोडी येणारा आफ्रिका-अभ्यासक जगात कितीसे असणार!

मलिक अंबर शाळेच्या पुस्तकात निजामशाहीचा वजीर म्हणून येतो आणि तिथेच संपतो. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनेत सत्ताधीश झाला, त्याने खडकी शहर वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याच्या आयुष्याचा पहिला भाग समजून घ्यायचा तर सोळाव्या शतकातलं इथिओपिया, अदल सल्तनतीशी झालेली तिथली युद्धं आणि तांबड्या समुद्रावरचे गुलामांचे बाजार वाचावे लागतात. ते वाचलं की दख्खनही वेगळी दिसू लागते.

नाशिकची गोष्ट आणखी कमी जणांना ठाऊक आहे. समुद्रावर पकडलेल्या गुलामवाहू जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये वाढवली जात, त्यांना शिक्षण आणि हातकाम शिकवलं जाई. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३मध्ये आजच्या झांबियात स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, आणि पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीलाही. शरणपूरची बरीच मंडळी पुढे मोंबासाजवळच्या फ्रेरे टाऊनमध्ये स्थायिक झाली. हे गाव १८७५चं, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेरे यांच्या नावाचं. केनियाच्या इतिहासात या लोकांना 'बाँबे आफ्रिकन्स' म्हणतात. नाशिकमध्ये त्यांना नावच नाही.

सिद्दी समाज आजही आहे : गुजरातेत गीरच्या आसपास, कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात, जिथे घरातली बोली कोकणीची आहे. मॉरिशस आफ्रिकी संघाचा सदस्य आहे आणि तिथे मराठी शाळेत शिकवली जाते. विषयांना तोटा नाही.

पण एक धोका सांगतेच. आपल्याकडचे बरेच प्रबंध भारत-आफ्रिका व्यापार, आफ्रिकेतले भारतीय, गांधीजी आणि दक्षिण आफ्रिका यांच्याभोवती घुटमळतात, कारण त्यासाठी नवी भाषा लागत नाही. मग आफ्रिका आपल्याच गोष्टीची पार्श्वभूमी होऊन बसते. दुकानदार गुजराती काय म्हणाला हे लिहिलंत तर त्याच्या दुकानात काम करणारा आणि उधारीवर माल नेणारा काय म्हणत होता, तेही लिहा. ते बहुधा स्वाहिलीत किंवा युगांडातल्या लुगांडा भाषेत सापडेल.

पायरी ७ : प्रत्यक्ष जाताना

पर्यटक व्हिसावर संशोधन करू नका. केनियात नाकोस्टी, टांझानियात कॉस्टेक, युगांडात राष्ट्रीय विज्ञान परिषद यांची परवानगी लागते, झांझिबारची वेगळी. त्यासाठी बहुधा स्थानिक संस्थेशी संलग्नता दाखवावी लागते, म्हणून आधी तिथल्या प्राध्यापकांशी पत्रव्यवहार करा, आणि त्यांना फक्त सहीसाठी वापरू नका. कागदपत्रांना महिने लागू शकतात. नैरोबीचं राष्ट्रीय अभिलेखागार भर शहरात, पूर्वीच्या नॅशनल बँक ऑफ इंडियाच्या इमारतीत आहे. झांझिबारचं किलिमानी भागात.

पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याच्या किमान १० दिवस आधी. केनिया, युगांडा, घाना, नायजेरियाहून परतताना लसीच्या दाखल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावं लागू शकतं.

स्वाहिली मुलखात वयाने मोठ्या माणसाला 'शिकामू' म्हणायचं, ते 'मराहाबा' म्हणतात. मग तब्येत, घर, मुलं, प्रवास यांची चौकशी. हे संपल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही. आपल्याकडे गावात गेल्यावर पाणी-चहा होईस्तोवर कामाचं बोलत नाहीत, तीच तऱ्हा.

जायच्या आधीचा सराव पुण्या-मुंबईत होतो. पुण्यात आफ्रिकी देशांतले विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांच्याशी ओळख करा, पण पहिल्याच दिवशी रेकॉर्डर काढू नका. मराठी-स्वाहिलीची अदलाबदल करा : त्यांना रिक्षावाल्याशी आणि घरमालकाशी बोलण्यापुरती मराठी हवी असते. घर भाड्याने मिळवताना त्यांना इथे काय ऐकून घ्यावं लागतं, तेही ऐका.

पायरी ८ : पोटापाण्याचं

थेट 'आफ्रिका अभ्यासक पाहिजे' अशी जाहिरात येत नाही. पदवी दुसऱ्या कौशल्याला जोडूनच चालते : आकडेवारी, पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य, कायदा, संग्रहालयाचं काम. भारत सरकारने २०१८मध्ये आफ्रिकेत १८ नवे दूतावास उघडायचं ठरवलं, २०२३मध्ये आफ्रिकी संघ जी-ट्वेंटीचा सदस्य झाला आणि त्याच वर्षी आयआयटी मद्रासचं संकुल झांझिबारमध्ये सुरू झालं. तिकडे व्यवहार वाढतोय आणि तिथली भाषा येणारी माणसं कमी आहेत. अध्यापन करायचं तर पीएच.डी. लागेलच, त्याची सहा-सात वर्षं आधीच हिशेबात धरा.

भाषांतराचं कामही पडून आहे. मराठीत आलेलं आफ्रिकी साहित्य बहुतेक इंग्रजीच्या वाटेने आलं. स्वाहिली किंवा अम्हारिकमधून थेट मराठी करायची असेल तर आधी कथेची दहा पानं करून पाहा, मूळ भाषा बोलणाऱ्याकडून तपासून घ्या, हक्कधारकाची लेखी परवानगी मिळवा, आणि मगच प्रकाशकाला किंवा दिवाळी अंकाच्या संपादकाला पाठवा. दिवाळी अंकासाठी पाठवायचं असेल तर उन्हाळ्यातच.